खोडरबर घरीच ठेवा!

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि शेजारी झोपडी... आपल्यापैकी बहुतेकांची चित्रकला इथेच येऊन थांबली. ती पुन्हा सुरू करायची म्हणून मी एक वही आणि एक पेन घेऊन थेट मंडईत जाऊन बसले. रेघा चुकल्या, जाम चुकल्या. पण त्यातल्याच एका चुकीनं मला माझ्या घरातली गोष्ट दाखवली!

"मालक दिसायला कसे आहेत गं?"

फोनवर माझी एडिटर होती. एका जुन्या मिसळवाल्यावर मी लेख पाठवला होता. मालकांशी दोन तास गप्पा मारल्या होत्या, दोन मिसळी हाणल्या होत्या, वर ताकही झालं होतं. लेख मस्त झालाय म्हणाली, फक्त मालकांचं वर्णन हवं. दोन ओळी.

"दिसायला म्हणजे... साधेच आहेत. मिशी असावी."

"असावी म्हणजे? तू समोर बसली होतीस ना त्यांच्या?"

बसले होते हो! मी मोबाइलची गॅलरी उघडली. ६३ फोटो. मिसळ वरून, मिसळ बाजूनं, तर्रीचा क्लोज-अप, पावाची लादी, शेवेची बरणी, भिंतीवरची पाटी. मालक एकाच फोटोत, तेही पाठमोरे. शेवटी निर्लज्जपणे दुकानात फोन लावला आणि विचारलं, "काका, तुम्हाला मिशी आहे का हो?"

पलीकडे पाच सेकंद शांतता. मग, "आहे. का?"

मास कॉमच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं की पत्रकाराचं पहिलं हत्यार म्हणजे डोळे. माझे डोळे मी मोबाइलला आउटसोर्स करून टाकले होते.

नंतर कळलं, हा आजार माझ्या एकटीचा नाही. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड युनिव्हर्सिटीच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका म्युझियममधून फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू मुलांना कमी आठवत होत्या आणि त्यांचे बारकावेही. कॅमेऱ्यानं टिपलंय ना, मग मी कशाला लक्षात ठेवू, असा मेंदूचा हिशेब! गंमत म्हणजे, वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तर मात्र आठवण शाबूत राहत होती. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. दोष नीट न बघण्याचा.

त्याच संध्याकाळी मी अप्पा बळवंत चौकातून एक स्केचबुक, चार पेन्सिली आणि एक मोठ्ठा खोडरबर घेऊन आले.

ग्रेड सी, पूर्णविराम

माझा चित्रकलेचा इतिहास फार मोठा नाही. एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, ग्रेड सी, संपला.

या सरकारी ग्रेड परीक्षा दिलेल्यांना 'स्मरणचित्र' नावाचा पेपर आठवत असेल. न बघता, आठवणीतून एखादं दृश्य काढायचं. आमच्या वर्गात त्यासाठी 'बाजाराचे दृश्य' पाठ करून घेतलं होतं. डावीकडे भाजीवाली, उजवीकडे पिशवी घेतलेला गृहस्थ, मागे दोन दुकानं आणि रिकामा कोपरा भरायला एक झाड. चाळीस मुलांनी चाळीस कागदांवर एकच भाजीवाली काढली. एकाच कोनातून. त्यातल्या एकानंही खऱ्या भाजीवालीकडे कधी पाच मिनिटं बघितलं नव्हतं. स्मरणचित्र होतं, पण स्मरण कशाचं?

घरी वेगळीच तऱ्हा. बाबा भोसरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि केसासारखी बारीक रेघ. पुढे कंपनीत कॉम्प्युटर आले, पण त्यांचा फंडा बदलला नाही, "रेघ एकदाच मारायची. बरोबर मारायची." माझ्या चित्राच्या वहीत ते प्रेमानं डोकवायचे आणि तितक्याच प्रेमानं खोडायचे. चिडायचे अजिबात नाहीत. पण वहीवर बाबांची सावली पडली की माझा हात आखडायचा. ग्रेड सी आल्यावर मी रंगपेटी मावसभावाला देऊन टाकली आणि वर "मला इंटरेस्टच नव्हता" असं जाहीर केलं.

पंधरा वर्षांनी स्केचबुक उघडलं तेव्हा समोर कॉफीचा मग होता. सोप्पं काम. चाळीस मिनिटं लागली. वरची कड मी छान गोल काढली, बूड सरळ काढलं, कान मागून चिकटवला. कागद खोडून खोडून इतका पातळ झाला की पलीकडचं दिसायला लागलं. बाबा पाणी प्यायला आले, बघितलं आणि म्हणाले, "कलंडतोय. आणि इथे रेघ डबल आलीये."

मी वही मिटली. वय वर्षे २८, पण हात सातवीतलाच.

मंडईतले सर

हिंजवडीत आयटीत असलेली माझी एक मैत्रीण दर रविवारी सकाळी सातला एका स्केचिंग ग्रुपबरोबर बसते. ती म्हणाली, "चल. तुझ्यापेक्षा वाईट काढणारे तिघं आहेत." यापेक्षा चांगलं आमंत्रण काय असणार! मेट्रो पकडली आणि मंडई स्टेशनवर उतरले.

महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ ची. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेले लांब लांब हात. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी याच इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता आणि आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. हे सगळं मला माहीत होतं. मनोऱ्याला बाजू आठ आहेत हेही माहीत होतं. पण एका जागेवरून बघितलं तर आठातल्या जेमतेम तीन-चारच दिसतात, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. कागदावर आठही बाजू कोंबायच्या नादात मनोऱ्याचा पार लाडू झाला तेव्हा!

ग्रुपमध्ये दहा-बारा जण. एक बँकवाले काका, दोन आर्किटेक्चरच्या मुली, एक डेंटिस्ट, बाकी आपल्यासारखेच लॅपटॉपवाले. आणि सर. शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे शिक्षक, डोक्यावर टोपी, काखेत घडीचं स्टूल. त्यांनी माझी पाऊच उघडली, खोडरबर काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"जाताना परत देतो."

"पण सर, चुकलं तर?"

"चुकणारच. मग दुसरी रेघ मार. पहिली राहू दे तिथंच. दुसरी कुठं मारायची ते तीच सांगते."

पेन्सिलही गेली. हातात साधं जेल पेन आलं.

पहिला व्यायाम, कागदाकडे न बघता समोरच्या माणसाचा चेहरा काढायचा. डोळा कडेवरून मुंगीसारखा हळूहळू सरकवायचा आणि त्याच वेगानं पेन. पेन उचलायचं नाही, खाली डोकवायचं नाही. 'ब्लाइंड कॉन्टूर' म्हणतात याला. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणारे किमॉन निकोलाइडीस यांच्या 'द नॅचरल वे टू ड्रॉ' या पुस्तकातून असले व्यायाम जगभर पोचले. पुस्तक आलं १९४१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांचं म्हणणं असं की आपण बघत नाही, तर पेन्सिलीच्या टोकानं त्या वस्तूला स्पर्श करतोय असं समजायचं.

मी सरांना काढलं. एक डोळा कपाळावर, दुसरा चेहऱ्याच्या बाहेर, हनुवटी खांद्यात. ग्रुप पोट धरून हसला. पण मैत्रीण म्हणाली, "ए, नाक मात्र सरांचंच आहे हं!" खरंच होतं. शेंड्याला किंचित वाकडं, नाकपुडी मोठी. पंधरा वर्षांत मी काढलेली ही पहिली खरी गोष्ट!

दुसरा व्यायाम, तीस सेकंदांत माणूस. हमाल पाटी उचलतोय, काढ. तीस सेकंद. मावशी वाकून कोथिंबिरीवर पाणी मारतायत, काढ. तीस सेकंद. नाक, डोळे, बटणं काढायला वेळच नसतो. फक्त पाठीचा बाक, भार कुठल्या पायावर आहे आणि डोकं कुठे झुकलंय एवढंच पकडायचं. हे 'जेश्चर'. दहा माणसांत नऊ माणसं म्हणजे नुसती गुंतवळ. दहाव्यात मात्र तो हमाल उभा होता. ओझ्याखाली मान आत गेलेला, एक कोपर बाहेर आलेला. सहा रेघा असतील जेमतेम.

सैल म्हणजे गबाळी नव्हे

इथे एक गैरसमज दूर करते. 'लूज स्केच' म्हणजे कसंही फरफटलेलं चित्र, असं मला वाटायचं. उलट आहे. सैल रेघ मारायला जास्त बघावं लागतं. घट्ट चित्र काढताना आपले डोळे सगळा वेळ कागदावर असतात. समोर एकदा बघायचं आणि मग दहा मिनिटं डोक्यात असलेलं काढत बसायचं. माझा मग म्हणूनच कलंडला होता. मगाची कड गोल असते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ती गोल काढली. पण बसल्या जागेवरून ती गोल दिसत नव्हतीच, चपट्या लंबगोलासारखी दिसत होती. बूडही सरळ नव्हतं, तेही गोलाईतच होतं. डोक्याला माहीत असलेलं आणि डोळ्याला दिसणारं, या दोघांच्या भांडणात आपल्याकडे नेहमी डोकं जिंकतं.

सैल काढायचं म्हणजे डोळ्याच्या बाजूनं उभं राहायचं. सरांच्या युक्त्या अशा,

पेन टोकाशी आवळू नका. थोडं मागे धरा आणि मनगटाऐवजी कोपर-खांद्यातून हात हलवा. रेघ आपोआप मोकळी होते.

आधी मोठा आकार, मग मधले, बारकावे सगळ्यात शेवटी. भाजीवाली म्हणजे आधी एक त्रिकोण. बांगड्या नंतर.

डोळे किलकिले करा. बारीक तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे ठिगळ तेवढे उरतात. गडद ठिगळ आधी पकडा.

वस्तू जमत नसेल तर मधली रिकामी जागा काढा. कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस अवघड वाटतो, पण हात आणि कंबर यांच्यामधला त्रिकोण सोपा असतो. तो बरोबर आला की हात बरोबर आलाच.

आणि शेवटची, सगळ्या रेघा जोडू नका. उन्हातली कड सोडून द्या. बघणाऱ्याचा डोळा ती आपण होऊन पुरी करतो.

बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेनं १९७९ मधल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात आणखी एक भन्नाट व्यायाम दिलाय, चित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करायची. उलट्या चित्रात 'हे नाक, हा हात' अशी नावं देता येत नाहीत, म्हणून डोकं गप्प बसतं आणि हात नुसत्या रेघा उतरवतो. पुस्तकातली 'उजवा मेंदू कलाकार, डावा मेंदू कारकून' ही विभागणी आजच्या मेंदूशास्त्राला फारच ढोबळ वाटते. पण व्यायाम चालतो. मी करून बघितलाय.

बाहेर बसून चित्रं काढायचं वेड अर्थातच नवं नाही. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांचं 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' १८५७ मध्ये आलं. नीट बघता येणं हे चित्र काढता येण्यापेक्षाही मोलाचं, असं मानणारे ते गृहस्थ. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. याच जे. जे.नं पुढे एका तरुणाला प्रवेश नाकारला, त्याचं नाव आर. के. लक्ष्मण! लहानपणापासून दिसेल ते टिपत बसणारा हा माणूस नंतर पन्नासहून जास्त वर्षं आपल्याला आपलेच चेहरे दाखवत राहिला आणि कावळे तर त्यांनी हौसेनं आयुष्यभर काढले. म्हणजे मंडळी, ग्रेड सीचं टेन्शन घेऊ नका.

आणि २००७ मध्ये सिएटलमधले गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी 'अर्बन स्केचर्स' सुरू केलं. समोर बसून, दिसेल ते, त्याच जागी काढायचं, एवढाच मुख्य नियम. आज जगभरच्या शहरांत त्यांचे गट आहेत, मुंबई-पुण्यातही. कॅम्पानारिओ मूळचे पत्रकार, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

ऑफिसवाल्यांसाठी खास

"हे सगळं ठीक आहे, पण मला वेळ कुठंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत २०१६ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. ३९ जणांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज असं काहीही करायला दिलं. साधारण ७५ टक्के लोकांच्या शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, कमी झालेलं आढळलं. कला आधी येत होती की नव्हती यानं काही फरक पडला नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात दिसलं की एखादा शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो. चित्र कितीही भंगार असलं तरी!

सुरुवातीला लागतं काय? खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी जरा जाड कागदाची वही. महागडी नकोच, नाहीतर खराब होईल म्हणून पहिलं पान कोरंच राहतं. एक जेल पेन. मोबाइलचा टायमर. जागा म्हणाल तर चहाची टपरी, दवाखान्यातली वेटिंग रूम, मेट्रोचा डबा आणि कॅमेरा बंद असलेली सोमवारची मीटिंग. माणसं हलतात, मग पानावर तीन-चार जण एकदम सुरू करा. चहा पिणारा माणूस दर मिनिटाला त्याच पोझमध्ये परत येतो, आला की पुढची रेघ मारायची. मापासाठी पेन हात ताठ करून डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा आणि डोक्याच्या मापानं उभा माणूस मोजा. साधारण सात-साडेसात डोकी भरतो. कोणी बघितलंच, तर हसून वही दाखवा. मंडईत एका मावशींनी माझ्या वहीत स्वतःला बघितलं, "एवढी जाड हाय का मी?" म्हणाल्या आणि मग बरोबर तशाच पोझमध्ये पुन्हा बसून राहिल्या.

प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि जागा लिहा. आणि पान फाडायचं नाही. हा नियम मी पाळला म्हणून पुढची गोष्ट घडली.

बाबा, पान उलटू नका

दोन महिन्यांनी सरांनी होमवर्क दिला. पंधरा दिवस, रोज एकच विषय, रोज दहा मिनिटं. "पळून न जाणारा माणूस शोध."

आमच्या घरात असा एकच माणूस आहे. सकाळी सव्वासात, चहा, पेपर, खुर्ची. रिटायर झाल्यापासून बाबांचं हे वेळापत्रक बदललेलं नाही. मी समोर वही घेऊन बसले. त्यांनी एकदा पेपराच्या वरून बघितलं, "मला काढतेस? काय उपयोग?" म्हणाले आणि पुन्हा अग्रलेखात शिरले.

पहिल्या दिवशी मान वाकडी आली. उजवीकडे वळलेली, आणि पेपर अंगासमोर नाहीच, डाव्या बाजूला सरकलेला. ठीक आहे, सवय नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ठरवून सरळ काढायला गेले, पण समोर बघत बघत रेघ मारली की हात पुन्हा मान वळवायचा. एक डोळा उघडा यायचा, दुसरा बारीक. पाचव्या दिवशी बाबांनीच वही मागितली. जवळ धरली, लांब धरली.

"मान चुकलीये. माणूस असा बसतो होय?"

तोच आवाज. माझा हात तिथल्या तिथे आखडला. खोडरबर नव्हता, नाहीतर मी खोडलं असतं, खरं सांगते.

रविवारी सरांना पानं दाखवली. म्हटलं, "मान जमतच नाही सर. रोज तीच चूक होतेय." त्यांनी पाचही पानं सावकाश उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, चूक रोज नवी होते. रोज तीच होत असेल तर ती चूक कशी? घरी जाऊन बघ जरा. काढू नकोस. नुसतं बघ."

सोमवारी सव्वासातला मी नुसतं बघितलं. बाबा खरंच तसेच बसत होते. मान उजवीकडे, पेपर डावीकडे, उजवा डोळा जवळजवळ मिटलेला. खुर्चीसुद्धा बाल्कनीच्या उजेडापासून दोन हात आत सरकली होती. कधी सरकली? मग एकेक आठवायला लागलं. संध्याकाळची स्कूटर त्यांनी बंद केली होती, "ट्रॅफिक फार झालंय" म्हणून. शब्दकोडं सोडवणं सोडलं होतं, "हल्ली सोपी देतात" म्हणून.

"बाबा, उजव्या डोळ्यानं दिसतंय ना नीट?"

"पेपरची छपाईच फिकी येते आजकाल."

मी जवळ गेले आणि माझा तळहात त्यांच्या डाव्या डोळ्यावर धरला. "आता वाचा."

त्यांनी वाचलं नाही. पेपरची घडी घातली. थोड्या वेळानं म्हणाले, "सात-आठ महिने झाले. तुझ्या आईला बोलू नकोस, उगाच घाबरेल."

आई ओट्यापाशीच उभी होती.

मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, अगदी नेहमीची गोष्ट आहे, ऑपरेशननंतर छान दिसेल, काळजीचं काही नाही. काळजीचं नव्हतंच. मला बोचत होतं ते दुसरंच. ज्या माणसाचं आयुष्य केसाएवढी रेघ बघण्यात गेलं, त्याला आठ महिने रेघ दिसत नव्हती. मी रोज त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते, मोबाइल बघत. वाढदिवसाला त्यांचे तीसेक फोटो काढले होते. नंतर सगळे बघितले. प्रत्येक फोटोत मान वळलेली आहे.

ऑपरेशन झालं. त्याच दिवशी घरी आलो. डोळ्यात घालायचे ड्रॉप्स मी आणि आईनं वाटून घेतले. महिन्याभरानं नवा चश्मा आला आणि खुर्ची बाल्कनीत परत गेली. पेपर समोर आला, मान सरळ झाली. आता जुनी पानं बघितली की वाटतं, किती बरोबर काढलं होतं मी!

परवा सकाळी बाबांनी वही मागून घेतली. यावेळी लांब-जवळ काही केलं नाही. सगळी पानं चाळली, मंडई, हमाल, मावशी, सरांचं नाक. त्यांच्या वाकड्या मानेच्या पाच पानांपाशी जरा थांबले. मला वाटलं, आता काहीतरी छान बोलणार.

"रेघा फार डबल मारतेस."

"हो."

"असू देत." मग पुढचं पान, कालचंच, सरळ मानेचं. ते बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "पण कान भलतेच मोठे काढलेस."

"आहेत तेवढेच काढलेत, बाबा."

ते उठले, बेसिनवरच्या आरशात जाऊन बघितलं आणि काही न बोलता परत येऊन पेपर उघडला.

आणि हो, माझा खोडरबर अजून सरांच्या खिशातच आहे. मागायचं लक्षातच राहत नाही.